पहाटे चारची कमाई

परवा आमच्या भिशीत साड्या आणि सुना हे नेहमीचे विषय मागे पडले आणि गप्पा भलत्याच गोष्टीवर रंगल्या. निवृत्तीनंतर राहायचं कुठे? एकीचे मोठे दीर मुंबईचा ब्लॉक विकून आमच्या गावात यायचं म्हणताहेत. तिथल्या खर्चात इथे दोन घरं चालतील, असा त्यांचा हिशेब. दुसरीच्या नात्यातलं एक जोडपं तर थेट परदेशात, एखाद्या स्वस्ताईच्या देशात जाऊन राहायचा विचार करतंय म्हणे. झालं! निम्म्या जणींचं म्हणणं, उतारवयात असं मुळासकट उपटून जायचं कशाला? बाकीच्यांचं म्हणणं, पेन्शनीत भागत नसेल तर माणसाने करायचं तरी काय? चहा निवून गेला, पण वाद काही मिटला नाही.

मला मात्र सारखी एक बाई आठवत होती. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडची. स्वस्ताईच्या शोधात ती एकदा नव्हे, तीनदा देश सोडून गेली. पहिल्या वेळी तोंडावर आपटली, दुसऱ्या वेळी रात्रीचा दिवस करून तगली आणि तिसऱ्या वेळी सुखाने नांदली. तिचं नाव फ्रान्सिस ट्रोलप. घरचे तिला फॅनी म्हणत. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना ट्रोलप हे आडनाव माहीत असतं ते तिच्या मुलामुळे, अँथनी ट्रोलपमुळे. हा अँथनी पोस्टात नोकरीला होता. रस्त्याच्या कडेला उभी पत्रपेटी बसवायची सोय त्याच्याच शिफारशीवरून १८५२ साली चॅनल बेटांवर सुरू झाली. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या पोस्टाच्या पेटीशी या घराण्याचं दूरचं का होईना, नातं आहे! पण आज मला सांगायचंय ते त्याच्या आईबद्दल.

फॅनीचा जन्म १० मार्च १७७९चा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. आई लवकर गेली. फॅनीला वाचनाचं वेड, नाटकांची आवड आणि गप्पांची तर हौसच. तिचं लग्न झालं तेव्हा ती तीस वर्षांची होती, म्हणजे त्या काळाच्या मानाने घोडनवरीच. नवरा थॉमस अँथनी ट्रोलप हा लंडनमधला बॅरिस्टर. माणूस हुशार, शिकलेला, प्रामाणिक; पण रागाने जमदग्नी. त्यातून कायमची डोकेदुखी, आणि त्यावर घेतलेली जालीम औषधं. त्याच्या रागापायी अशिलं एकेक करून दुरावली.

तरी घरात एक मोठी आशा होती. थॉमसच्या म्हाताऱ्या मामाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याची इस्टेट आपल्यालाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. पण मामाने उतारवयात दुसरं लग्न केलं आणि त्याला मुलं झाली. हातातोंडाशी आलेला घास गेला! तोवर थॉमसने लंडनजवळ हॅरो इथे जमीन भाडेपट्ट्याने घेऊन शेती सुरू केली होती. शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. वर त्या भाड्याच्या जमिनीवर हौसेने मोठं घरही बांधून ठेवलं. नेपोलियनची युद्धं संपल्यावर धान्याचे भाव पडले आणि हे कुटुंब कर्जात रुतत गेलं. सात मुलं झाली, त्यातली एक मुलगी जन्मतःच गेली, आणि आर्थर नावाचा मुलगा १८२४ साली वारला. मोठं घर भाड्याने देऊन सगळे लहान घरात आले. तरी तोंडमिळवणी होईना.

अशा वेळी बाई काय करते? दागिने मोडते, माहेरी हात पसरते, नाहीतर गप्प बसून सोसते. फॅनी अमेरिकेला निघाली! १८२७चा नोव्हेंबर महिना. वय अठ्ठेचाळीस. बरोबर मुलगा हेन्री, सेसिलिया आणि एमिली या दोन मुली आणि ऑग्यूस्त हर्व्यू नावाचा एक तरुण फ्रेंच चित्रकार. लोकांनी काय काय कुजबुज केली असेल, ते तुम्हाला सांगायला नको. फॅनीची एक मैत्रीण होती, फ्रान्सिस राइट. तिने अमेरिकेत टेनेसीच्या जंगलात गुलामांना शिकवून मुक्त करण्यासाठी एक वसाहत काढली होती. तिथे खर्च नाही, जीवन साधं, हवा चांगली, मुलांचं शिक्षणही होईल, असं काहीबाही फॅनीच्या मनात होतं. प्रत्यक्षात काय दिसलं? गळकी लाकडी खोपटी, खाण्याचे हाल आणि सगळीकडे ताप. जेमतेम दहा दिवसांत तिने मुलांना घेऊन तिथून काढता पाय घेतला.

मग ती आली सिनसिनाटी या गावी. हे गाव नवं, वाढतं, आणि बाजार एकदम स्वस्त. मांस, भाज्या, अंडी यांची रेलचेल पाहून ती हरखली. मात्र रस्त्यात डुकरं मोकाट फिरत आणि घरकामाला बाई काही टिकत नसे! इथे तिने डोकं चालवलं. गावातल्या एका संग्रहालयासाठी तिने आणि हिराम पॉवर्स नावाच्या तरुण कारागिराने मेणाच्या पुतळ्यांचा नरकाचा देखावा उभा केला. लोकांची ही झुंबड उडाली. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने तिथे एक भलीमोठी बाजारपेठेची इमारत बांधायला घेतली. कमानी, खांब, घुमट, सगळा थाट. नवऱ्याने इंग्लंडहून विकायला माल धाडला, तोही असा की त्या गावात कुणी फुकटसुद्धा नेला नसता. त्यात तिला तापाने गाठलं. पैसा संपला, मालही घेणेकऱ्यांच्या ताब्यात गेला. काही काळ तर हर्व्यूच्या चित्रकलेच्या शिकवण्यांवर त्यांचं पोट भरत होतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. सिनसिनाटीत खर्च कमी होता हे खरं. पण कमी खर्चाच्या गावातसुद्धा खर्च हा असतोच, आणि मिळकत नसेल तर तो कमी खर्चही डोईजड होतो. फॅनीकडे तेव्हा स्वस्ताई होती, पण हातात दर महिन्याला येणारी चार नाणी नव्हती.

आणि या सगळ्याची किंमत तिकडे इंग्लंडमध्ये एक मूल मोजत होतं. बारा वर्षांचा अँथनी शाळेत राहिला होता. पुढे वडीलही काही महिने अमेरिकेला जाऊन आले. फी थकलेली, कपडे फाटलेले, दुकानदारांनी उधार बंद केलेलं. बाकीची पोरं त्याला हसत. आई जवळजवळ चार वर्षं दिसली नाही. फॅनीला मी देवी म्हणून मखरात बसवणार नाही, ते यासाठीच. तिच्या धाडसात एका लेकराची फरफट झाली, ती त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात लिहून ठेवली. गंमत म्हणजे त्यात आईबद्दल राग फारसा नाही, कौतुकच जास्त आहे.

१८३१च्या ऑगस्टमध्ये ती परतली ती रिकाम्या हाताने. पण ट्रंकेत वह्या होत्या. अमेरिकेत पाहिलेलं, ऐकलेलं, खटकलेलं सगळं तिने टिपून ठेवलं होतं. अमेरिकन लोकांच्या घरगुती रीतिभातींवरचं तिचं ते पुस्तक मार्च १८३२ मध्ये लंडनला छापून आलं. पुस्तक हातोहात खपलं. तिकडे अमेरिकेत लोक संतापले, इकडे इंग्लंडमध्ये घरोघरी तिचं नाव झालं. तेव्हा तिचं वय होतं त्रेपन्न! मैत्रिणींनो, आता आपलं काय राहिलंय, असं आपण ज्या वयात म्हणायला लागतो, त्या वयात या बाईची पहिली कमाई घरात आली. कुटुंब पुन्हा बऱ्या घरात राहायला गेलं.

पण त्यात एक मेख होती. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची धरली जायची. हा कायदा बदलायला १८७० साल उजाडावं लागलं. म्हणजे फॅनीने लिहायचं, आणि पैसा जायचा नवऱ्याच्या जुन्या कर्जाच्या खड्ड्यात. दोन वर्षांत तो खड्डा पुन्हा उघडा पडला.

१८३४ सालातला एप्रिल. एका सकाळी वडिलांनी अँथनीला घोडागाडी काढायला सांगितली, लंडनला जायचं म्हणून. वाटेत त्याला कळलं की वडील बोटीने बेल्जियमला पळून जाताहेत. तेव्हा कर्ज फेडलं नाही तर तुरुंगात टाकत. वडिलांना बोटीवर बसवून पोरगा परतला तर दारात जप्तीची माणसं! माळ्याने त्याला लांबूनच खूण केली, गाडी आत आणू नकोस, तीही जप्त होईल. अँथनीने गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराला घोडा आणि गाडी सतरा पौंडांना विकली. दुकानदाराने ते सतरा पौंड आपल्या जुन्या बाकीपोटी ठेवून घेतले. आणि घरात काय चाललं होतं? शेजारच्या मुली कुंपणाच्या फटीतून ये-जा करत चिनीमातीची भांडी, चांदीच्या वस्तू, पुस्तकं असं जमेल ते आपल्या घरी हलवत होत्या. संकटात शेजारणीच धावतात, मग गाव कोणतंही असो.

हे झालं दुसरं देशांतर. बेल्जियममधल्या ब्रूज गावाबाहेर त्यांनी एक मोठं, ओसाडसं घर भाड्याने घेतलं. वॉटर्लूची लढाई संपल्यावर, म्हणजे १८१५ नंतर, कितीतरी इंग्रज कुटुंबं अशी समुद्र ओलांडून फ्रान्स-बेल्जियममध्ये येऊन राहिली होती. कुणी अर्ध्या पगारावरचे लष्करी अधिकारी, कुणी कर्जबाजारी, कुणी तुटपुंज्या व्याजावर जगणाऱ्या विधवा. तिथे भाडं कमी, खाणं स्वस्त, आणि इंग्लंडचे घेणेकरी तिथे पोचत नसत.

ब्रूजमध्ये फॅनीला स्वस्ताई मिळाली, पण उसंत नाही. हेन्रीला क्षय झाला होता. नवरा अंथरुणाला खिळत चालला होता. धाकट्या एमिलीची लक्षणंही बरी दिसत नव्हती. कमावणारी एकटी फॅनी. दिवसभर आणि रात्रीसुद्धा आजाऱ्यांचं करायचं आणि मधल्या वेळात कादंबरी लिहायची. औषधाच्या बाटल्यांशेजारी तिची शाईची दौत असायची. पहाटे चारला ती टेबलाशी बसायची आणि घर जागं व्हायच्या आत त्या दिवसाचं लिखाण हातावेगळं करायची. आपल्याकडे नळाला पाणी येतं म्हणून बायका पहाटे उठतात ना, तशी ही बाई शब्द भरून ठेवायला उठायची! आणि लिहायची काय, तर हसऱ्या-खेळत्या लोकांच्या, मेजवान्यांच्या, लग्नांच्या गोष्टी. प्रकाशकाला तेच हवं असायचं.

डिसेंबर १८३४ मध्ये हेन्री गेला. पुढच्या ऑक्टोबरात नवरा गेला. इंग्लंडला परतल्यावर फेब्रुवारी १८३६ मध्ये एमिलीही गेली. चौदा महिन्यांत घरातली तीन माणसं. यानंतर कुणी आयुष्यभर हात जोडून बसलं असतं, तरी कुणी नावं ठेवली नसती. फॅनी मात्र लिहीत राहिली. गुलामगिरीवर तिने १८३६ साली कादंबरी लिहिली. साठीच्या उंबरठ्यावर ती मँचेस्टरच्या गिरण्या बघायला गेली आणि तिथे राबणाऱ्या लहान पोरांवरची तिची कादंबरी १८३९ पासून छापून येऊ लागली. आता ती विधवा होती, म्हणून कायद्याने तिची कमाई तिचीच होती. वाचायला किती विचित्र वाटतं, नाही? पण कुंकू पुसलं गेलं तेव्हाच या बाईच्या हातात स्वतःचा पैसा राहू लागला.

आता येतं तिसरं देशांतर, आणि माझ्या मते भिशीतल्या वादाचं उत्तर इथे आहे.

लेक सेसिलिया लग्न होऊन उत्तर इंग्लंडमध्ये पेनरिथला राहत होती. लेकीजवळ म्हातारपण काढावं म्हणून फॅनीने तिथे स्वतःच्या पैशांतून घर बांधलं. पण तिथला पाऊस, थंडी आणि एकटेपण तिला मानवलं नाही. घर जावयाला देऊन १८४३ साली ती थोरल्या मुलाबरोबर, टॉमबरोबर, इटलीतल्या फ्लॉरेन्सला निघाली. वय चौसष्ट. या वेळी ती आंधळेपणाने गेली नाही. त्याआधी इटलीत फिरून तिने त्या देशावर पुस्तकही लिहिलं होतं. आधी भाड्याने राहून पाहिलं, येऊन-जाऊन पाहिलं, मग मुक्काम पक्का केला.

हिशेब साधा होता. कमाई लंडनची, खर्च फ्लॉरेन्सचा. फ्लॉरेन्स तेव्हा टस्कनी या छोट्या राज्याची राजधानी होती. जुन्या वाड्यांमधल्या प्रशस्त खोल्या थोडक्या भाड्यात मिळत. भाजीपाला, ऑलिव्हचं तेल, वाइन, घरकामाची माणसं, एवढंच काय, संगीत नाटकाचं तिकीटसुद्धा लंडनच्या मानाने स्वस्त. हस्तलिखित लंडनला पाठवायचं, तिकडून पौंड यायचे, आणि ते इथल्या बाजारात भरपूर पुरायचे. लंडनमध्ये जिला काटकसरीने राहावं लागलं असतं, ती इथे दर आठवड्याला लोकांना घरी बोलवू शकत होती. सिनसिनाटीत आणि इथे फरक तो एवढाच. तिथे ती स्वस्ताईच्या भरवशावर गेली होती, इथे स्वतःच्या कमाईच्या.

दुसरं म्हणजे, इथे ती एकटी नव्हती. १८४८ साली टॉमचं लग्न थिओडोसिया गॅरो हिच्याशी झालं. आणि ऐका, या थिओडोसियाची आजी चक्क हिंदुस्थानी होती! सून कवयित्री, तब्येतीने नाजूक, पण मनाने खंबीर. काही वर्षांनी सगळ्यांनी मिळून चौकातल्या एका मोठ्या घरात बिऱ्हाड थाटलं. मागे बाग, बागेत लिंबांची झाडं. परदेशातून आलेला लेखक या घरी हजेरी लावल्याशिवाय पुढे जात नसे. चार्ल्स डिकन्स तिथे येऊन गेला. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग त्याच गावात राहत होती. आणि सिनसिनाटीतला तो मेणाचे पुतळे करणारा पोरगा, हिराम पॉवर्स, तोही आता फ्लॉरेन्समध्ये होता, जगप्रसिद्ध शिल्पकार होऊन! नरकाचा देखावा एकत्र उभा करणारी ही दोघं लिंबाच्या बागांच्या या गावात पुन्हा भेटली. फॅनीला पत्त्यांचा नाद होता. संध्याकाळी पत्त्यांचा डाव, पहाटे लिखाण. १८५३ साली नात झाली, तेव्हा आजीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

सगळं गोडच होतं असं नाही. परदेशातल्या म्हातारपणाची खरी किंमत वेळ आल्यावर कळते. १८४९ मध्ये सेसिलियालाही क्षयाने गाठलं. ती लंडनला, आई फ्लॉरेन्सला. सत्तरीची म्हातारी युरोप ओलांडून लेकीच्या उशाशी पोचली. पण लेक राहिली नाही. सात मुलांपैकी आता दोनच उरली, टॉम आणि अँथनी. त्यातला अँथनी आयर्लंडमध्ये पोस्टाच्या नोकरीत, आईपासून शेकडो मैल लांब. मात्र आईची एक सवय त्याने उचलली होती. तोही पहाटे उठून कामावर जायच्या आधी कादंबरी लिहायचा.

फॅनीचं शेवटचं पुस्तक १८५६ साली आलं. चोवीस वर्षांत चाळीसच्या आसपास पुस्तकं! मग तिने लेखणी ठेवली. हळूहळू आठवण दगा देऊ लागली. १८५९ मध्ये टस्कनीच्या राजाला फ्लॉरेन्स सोडून जावं लागलं. लोक स्वातंत्र्यासाठी जमले ते तिच्या घरासमोरच्याच चौकात. आज त्या चौकाला स्वातंत्र्याचंच नाव आहे. ऐंशी वर्षांच्या फॅनीला त्यातलं किती उमगलं असेल, देव जाणे. ६ ऑक्टोबर १८६३ या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन ती फ्लॉरेन्समध्येच वारली. तिथल्या इंग्रज दफनभूमीत तिची कबर आहे. एलिझाबेथ ब्राउनिंगही तिथेच आहे आणि पॉवर्सही.

पुढच्या भिशीत मी आमच्या मैत्रिणींना एवढंच सांगणार आहे. घर सोडून स्वस्ताईच्या गावी जाणं ही हार नाही आणि शहाणपणाही नाही. जाताना बरोबर काय नेतो, त्यावर सगळं ठरतं. त्या दिरांना आणि त्या जोडप्याला विचारायचं, की तिथे जाऊन आधी चार-सहा महिने राहून पाहिलंय का? जवळ आपलं म्हणावं असं माणूस आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा प्रश्न त्यांना नव्हे, घरातल्या बाईला विचारायचा. पासबुकावर तुमचं नाव आहे का, वहिनी? दर महिन्याला तुमच्या हातात तुमचं म्हणून काही येतं का?

फॅनीला ते यायला त्रेपन्न वर्षं लागली आणि खरोखर तिचं व्हायला आणखी तीन. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही.